जास्तीची पानं

झाडाला छळलं की ते गुणी होतं, हे ज्याने प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाहिलं त्याच्या मनात काही पाप नसेल. पण शोध लावणारा एक असतो आणि त्या शोधाचं दुकान मांडणारा दुसरा. जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटाशी, चाळीस एकरांवर काचेची छपरं घालून जे दुकान मांडलं होतं त्याचं नाव 'सतेज'. तिथे झाडं छळायच्या कामावर शंभरेक बाया होत्या, आणि त्यांच्यात सगळ्यांत तरबेज हात होता वैजयंता तळपेचा.

काम तसं सोपं. लाकडी मुठीला शंभर बारीक सुया लावलेली फणी असायची. मायाळूच्या वेलाचं एकेक पान डाव्या तळव्यावर घ्यायचं आणि उजव्या हाताने फणी टेकवायची. टेकवायची, रोवायची नाही. पान फाटलं तर कुजतं, नुसतं दुखावलं तर घाबरतं. दिवसातून चार वेळा. पाणी निम्मं. वरून जांभळा दिवा, उन्हातल्या सगळ्यांत जहाल किरणांचा. चौथ्या दिवशी हिरवं पान देठापासून काळवंडायला लागे. मग त्याला चिमटा लावायचा. चिमट्यातून उजेडाचा ठिपका पानात शिरे आणि आकडा उमटे. परसातल्या मायाळूचा आकडा दोन, फार तर तीन. इथल्या पानाचा अडीचशे.

झाडाला पळता येत नाही, हे या सगळ्याचं मूळ. ऊन भाजतं, अळी चावते, पाणी तुटतं, तेव्हा पेशीतल्या काही रेणूंचा एकेक इलेक्ट्रॉन हरवतो. असा रेणू म्हणजे जत्रेत खिसा कापला गेलेला माणूस. तो दिसेल त्याच्या खिशात हात घालतो, ज्याचा खिसा गेला तो पुढच्याच्या, आणि बघता बघता पेशीभर लूटमार माजते. यावर झाड आपलं आपण औषध करतं. स्वतःचा इलेक्ट्रॉन बिनबोभाट देऊन टाकणारी आणि तरी शांत राहणारी रसायनं बनवतं. अँटिऑक्सिडंट म्हणतात ती हीच. जांभळात, करवंदात, कोकमात, मायाळूच्या पिकल्या फळात जो गडद रंग असतो तो याच जातीचा. पण साधी भाजी खाल्ली तर त्यातलं फारसं रक्तात उतरत नाही, आणि उतरलं तर काही तासांत लघवीवाटे निघून जातं. सतेजवाल्यांनी मायाळूचा वाणच असा बदलला की तिचं रसायन तेलकट कोट अंगात घालून जन्माला यावं. ते शिजवून मरत नव्हतं. आतड्यातून रक्तात, रक्तातून पेशीत, आणि पेशीत ठाण मांडून आठवडेच्या आठवडे. शहरातले लोक ती पाकिटं रांगा लावून घेत. पन्नाशीच्या बायांची कातडी तिशीची दिसे. ते खोटं नव्हतं. विज्ञान खोटं नव्हतंच. खोटेपणा पुढे आहे.

भाजी म्हणून विकायचं तर कायद्याने आकडा तीनशेच्या आत हवा होता. वर गेला की ते औषध. औषध म्हटलं की वर्षानुवर्षं तपासण्या, मग परवाना, मग पाकिटावर कुणी खाऊ नये त्याची यादी. कंपनीला ती कटकट नको होती. म्हणून तीनशेवरची पानं खड्ड्यात जात. खड्ड्याशी पाटी होती, 'जास्तीची पानं. नष्ट करण्यासाठी.' का, ते पाटीवर नव्हतं. सुपरवायझर घुलेला विचारलं तर तो म्हणे, वरून आलंय. आणि वरच्यांना विचारायला इथून जिना नव्हता.

वैजयंताची पानं हमखास चारशे, पाचशे. घुले करवादायचा की बाई, हात हलका ठेवा. आता हात हलका होता म्हणूनच तर आकडा चढत होता, पण हे घुलेला कुठे कळणार. तिच्या आईची शिकवण होती, खुडलेलं पान मातीत टाकायचं नाही. खा, गुराला घाल, शेजारी दे. आणि बायांनी आपसात खड्ड्याचा अर्थ लावला होता: सगळ्यांत चांगला माल हाच आहे, गरिबाच्या तोंडी लागू नये म्हणून पुरतात. भाव टिकवायला दूध रस्त्यावर ओतलेलं त्यांनी पाहिलं होतं, कांदा कुजवलेला पाहिला होता. त्यांनी दुसरा कुठला अर्थ लावायचा? सुटी झाली की मूठ-दोन मूठ काळी पानं पदराआड घरोघर जात आणि घुले दुसरीकडे बघे.

वैजयंताचा नवरा सुदाम नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या लिलावाचा पुकारा करायचा. बिड्या ओढून ओढून घसा खरखरीत झाला होता तरी आवाज असा की पलीकडच्या शेडमधला व्यापारी मान वळवी. तीन महिने तो आवाज बसला, उठेचना, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ.

डॉक्टर कीर्तने म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, स्वरयंत्र काढून टाकायचं. जीव वाचतो, आवाज जातो, आणि गळ्याला भोक पाडून त्यातून जन्मभर श्वास घ्यायचा. दुसरा, किरणांचा शेक. तालुक्याला नवं मशीन आलंय, पस्तीस वेळा यावं लागेल, गाठ लहान आहे, बहुतेक जीवही राहील आणि आवाजही.

"मुका झालो तर ही बया मला दोन दिवस ठेवायची नाय," सुदाम डॉक्टरांना म्हणाला होता. "तिला भांडायला समोर कोणतरी लागतं."

शेकच ठरला. डॉक्टरांनी फॉर्म भरताना वैजयंताला नीट विचारलं, चालू असलेलं काही औषध, काढा, चूर्ण, गोळी, कुणा वैदूचा पाला? तिने खरंखुरं आठवून पाहिलं. हळद-दूध देत होती, तेही सांगितलं, डॉक्टरांनी बंद करवलं. बाकी काही नाही म्हणाली, आणि ते तिच्या लेखी शंभर टक्के खरं होतं. जेवणातली भाजी दवाखान्यात कोण सांगतं?

दुसऱ्या दिवसापासून तिने सुदामच्या जेवणात काळी मायाळू सुरू केली. खंगत चाललेला माणूस आहे, शेक घेताना अन्न उतरत नाही असं ऐकलेलं, आणि मायाळू मुळातच बुळबुळीत, लसणीची फोडणी देऊन पातळ केली की घशातून आपसूक सरकते. ती नुसती कुठलीही पानं घेत नव्हती. चिमटा लावून पाचशेच्या वरची तेवढी निवडत होती. नवऱ्यासाठी सगळ्यांत भारी पान.

शेकाच्या खोलीबाहेर खुर्च्यांची रांग होती. प्रत्येक पेशंटचा प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा केलेला असायचा, तो तोंडावर आवळून माणसाला टेबलाला जखडायचं, म्हणजे किरण जागा चुकत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून रांगेतली माणसं उतरायला लागली. माना कोळशासारख्या झाल्या, कातडी सोलली, तोंडात फोड, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी. बहुतेकांचे मुखवटे ढिले पडले. सुदामचा मुखवटा घट्ट झाला. त्याचं वजन वाढलं होतं. मान स्वच्छ, तोंडात एक फोड नाही, रांगेत बसून तो वडापाव खायचा, आणि समोरचे हाडाचे सापळे त्याच्याकडे बघत राहायचे. मशीनवाल्या पोराने हसत हसत दुसरा मुखवटा करून दिला. डॉक्टर येताजाता त्याच्या मानेवर हात फिरवून वा वा करायच्या.

रांगेत रशिदाआपा बसायच्या. जुन्नरात बांगड्यांचं दुकान होतं त्यांचं, जिभेच्या मुळाशी गाठ. एकट्या यायच्या, सून दुकान सांभाळायची. सव्विसाव्या शेकाला त्यांना पाणीही जाईना. त्यांनी खुणेने वैजयंताला विचारलं, काय देतेस याला? वैजयंताला त्या दिवशी जो अभिमान वाटला तो तिला पुढे कधी विसरता आला नाही. दुसऱ्या दिवशी ती दोन डबे घेऊन गेली. आठवड्याभरात रशिदाआपा पेज गिळू लागल्या. पंधरवड्यात बोलू लागल्या, आणि पहिलं बोलल्या ते हे, की तुझ्या हातात अल्लाने काहीतरी ठेवलंय गं.

बाविसाव्या शेकानंतर सुदामचा फोटो काढला. गाठ होती तेवढीच होती. होती तेवढीच नव्हे, कणभर जास्त.

डॉक्टर कीर्तनेंना आधी मशीनचाच संशय आला. एवढा शेक देऊन माणसाच्या मानेवर डागही उठत नाही म्हणजे किरण बाहेर येतोय की नाही? दोन दिवस मशीन बंद ठेवून तपासलं. मशीन सुईच्या टोकाइतकं बरोबर निघालं. डॉक्टरांनी सुदामला बसवून सांगितलं, अशी एखादी गाठ चिवट असते. आणखी एक आठवडा बघू, नाहीतर कापू. सुदाम बाहेर येऊन वैजयंताला एवढंच म्हणाला, की आज भाजीत मीठ कमी होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वैजयंता कामावर गेली आणि तिला अळी दिसली.

मायाळूवर हिरवी अळी पडते. बायांची रीत अशी की अळीची पानं ताटात पसरून थेट जांभळ्या दिव्याखाली ठेवायची, तासाभरात अळ्या वाळून दोऱ्यासारख्या होतात. त्या दिवशी वैजयंता ताट उचलायला गेली तर एका पानावरची अळी खात होती. दिव्याखाली, आरामात, गुबगुबीत. पान काळंकुट्ट, चिमटा लावला तर पाचशे ऐंशी. बाकीच्या ताटात सगळ्या मेलेल्या. तिथली पानं हिरवी, कोवळी, अजून फणी न लागलेली.

शाळा तिची नववीपर्यंत. पण तिने जे केलं ते मोठमोठ्या कोटवाल्यांना सुचलं नव्हतं किंवा सुचूनही त्यांनी केलं नव्हतं. वेलांवरच्या, काळी पानं खाल्लेल्या पाच आणि हिरवी पानं खाल्लेल्या पाच जिवंत अळ्या तिने काड्यांनी उचलून कोऱ्या कागदावर मांडल्या, पान न देता, आणि दिव्याखाली ठेवल्या. जेवणाची घंटा होईपर्यंत हिरवीवरच्या पाची सुकल्या. काळीवरच्या पाची कागदभर पान शोधत हिंडत होत्या.

म्हणजे पान खाल्लेल्याला किरण लागत नाही.

ती खाली बसली. बाया जेवायला गेल्या होत्या. पान कुणाला वाचवायचं ते बघत नाही. झाड वाचवतं, अळी वाचवतं. माणूस वाचवतं. माणसाच्या आतली गाठ वाचवतं. महिनाभर तिने त्या गाठीला लसणीची फोडणी देऊन, निवडून निवडून, पाचशेवरचं पान भरवलं होतं.

तिने चिमटा कमरेला खोचला, गेटवर कुणाला न सांगता बाहेर पडली आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी आधी ऐकून घेतलं नाही. भाजीने काही होत नसतं ताई, मीच तर सांगते भाज्या खा म्हणून. वैजयंताने त्यांचा हात धरून बोटाला चिमटा लावला. तीन. मग बाहेर शेकाची वाट बघत खुर्चीवर बसलेल्या सुदामला आत ओढून आणलं आणि कानाच्या पाळीला लावला. एकशे ब्याऐंशी.

डॉक्टरांनी चिमटा स्वतः दुसऱ्या कानाला लावून पाहिला, आकडा तोच. मग त्यांनी सुदामला बाहेर बसायला सांगितलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही औषध विचारलं, मॅडम. मी भाजी घालत होते."

डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटली, पण आवाज चढवला नाही. त्यांनी तिला समजावलं तेही जणू स्वतःलाच सांगत असल्यासारखं. शेक गाठीला भाजत नाही. किरण पेशीतलं पाणी फोडतो, त्यातून ते खिसेकापू रेणू उठतात, आणि ते गाठीच्या पेशीचा गाभा फाडतात. चांगल्या पेशीही फाटतात, पण त्या सावरतात, गाठीच्या सावरत नाहीत. सगळा उपचार त्या लुटारूंच्या जिवावर आहे. आणि तुम्ही प्रत्येक पेशीच्या दारात पहारेकरी उभा केलात. मान वाचली, तोंड वाचलं, गाठही वाचली. घरची मायाळू शंभर दिवस खाल्ली असती तरी चाललं असतं, ती भाजी आहे. ही भाजी नाही.

"मान काळी पडली नाही की मला बरं वाटायचं," डॉक्टर म्हणाल्या. "मीही खूषच होते. फाइलवर लिहिलंय मी, उत्तम सहन केलं."

मग वैजयंताने रशिदाआपांचं नाव घेतलं. डॉक्टरांनी संगणकात पाहिलं. त्यांचे पस्तीस शेक आदल्या आठवड्यात पुरे झाले होते. शेवटचे नऊ काळ्या पानांवर.

आता सुदामचं काय, याला पुस्तकात उत्तर नव्हतं. पान बंद करून शरीर धुऊन निघायला तीनेक आठवडे जातील. शेक मध्येच थांबवला की गाठ फोफावते. चालू ठेवला तर वाया. डॉक्टर म्हणाल्या, दोन्हीकडून मार आहे. थांबून, आकडा दहाच्या खाली आला की उरलेले तेरा आणि वर आणखी दोन जोरात द्यायचे. लागला तर लागला. शंभरात वीस म्हणते मी, तेही अंदाजाने. नाही लागला तर कापायचं, आणि तोवर कापण्यापलीकडे गेलेली असू शकते. नाहीतर उद्याच कापा, आवाज सोडा, जीव बराचसा खात्रीचा. त्यांना विचारा. तुम्ही ठरवू नका.

तिने घरी येऊन सुदामला सगळं सांगितलं, अळीपासून. तो ओट्यावर बसून ऐकत होता. ती थांबल्यावर म्हणाला, "म्हणजे गाठीलाबी तूच पोसलंस. हाताला गुण आहे बघ तुझ्या, कायबी जगवतीस."

तो हसला, आणि तिला वाटलं याने आपल्याला एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी सांगितलेला आवाज-जिवाचा हिशेब तिने पुन्हा मांडला, उद्या कापलं तर वाचाल म्हणाली, हात जोडले. तो म्हणाला, गळ्याच्या भोकातून फुसफुस करत जगलेले मी पाहिलेत बाजारात, त्यांच्याशी लोक हात वर करून बोलतात, बहिरे असल्यासारखे. मी शेकच घेणार. तू घातलंस ना, आता निघेपर्यंत थांब.

रशिदाआपांकडे ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. दुकानात गिऱ्हाईक होतं. आपा कुणा पोरीच्या हातात बांगड्या चढवत होत्या, तिला बघून चेहरा उजळला, सुनेला सरबत आणायला सांगितलं. वैजयंताने सरबत यायच्या आत सांगून टाकलं. तपासणी महिन्याने आहे, ती आत्ताच करा, डॉक्टरांनी बोलावलंय, आणि पान एकही खाऊ नका.

आपांनी उरलेल्या बांगड्या एकेक करून खोक्यात ठेवल्या.

"मला गिळता आलं," त्या म्हणाल्या. "ते खोटं होतं का?"

"नाही आपा."

"माझ्या नातवाच्या बारशाला मी जेवले. ते?"

आपांनी खोक्याचं झाकण लावलं.

"मी उद्या जाते डॉक्टरकडे. तू आता येऊ नको. शिव्या देत नाही मी तुला, पण समोर नको येऊस."

बाहेर पडताना सून ट्रे घेऊन दारात उभी होती. वैजयंता तिच्या बाजूने अंग चोरून गेली.

कंपनीचं सांगायचं तर थोडक्यात सांगता येतं. तिने घुलेला अळ्यांचा कागद दाखवला, त्याने तो वर पाठवला असं तो म्हणाला. चार दिवसांनी तिला नोटीस आली. नष्ट करायचा माल आणि मोजणीचा चिमटा चोरल्याबद्दल कामावरून कमी. डॉक्टरांनी अन्नाच्या खात्याला लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की तीनशेच्या आतला माल नियमात आहे. मग औषधाच्या खात्याला लिहिलं. त्यांनी कळवलं की भाजी आमच्याकडे येत नाही. खड्ड्याभोवती तारेचं कुंपण पडलं, आणि पाटी होती तीच राहिली. का, ते अजूनही तिच्यावर नव्हतं. बायांना वैजयंताने घरोघर जाऊन सांगितलं. निम्म्या घाबरल्या. निम्म्यांना वाटलं, नवऱ्याचं बरं होत नाही म्हणून हिचं डोकं फिरलंय. आपल्या पोरांना तर सर्दीसुद्धा होत नाही या पानांनी. तेही खरंच होतं.

चिमटा तिने परत केला नाही. रोज सकाळी ती सुदामच्या कानाला लावी. एकशे सत्तर. एकशे चव्वेचाळीस. नव्वद. सुदाम म्हणे, मला खुडायची वेळ झाली का गं? आठवड्याने तो आकडा उतरायचा थांबला, तीन दिवस अठ्ठ्याऐंशीवर अडला, आणि ती वेड्यासारखी भांडी, फडकी, तिखटाचे डबे हुंगत फिरली. चौथ्या दिवशी उतरला. दरम्यान त्याचा आवाज आणखी घोगरा झाला होता, रात्री श्वासाला शीळ यायला लागली होती. गाठ तिच्या गतीने चालली होती आणि आकडा त्याच्या. बाविसाव्या दिवशी नऊ दिसले. त्याच दिवशी ती त्याला मशीनखाली घेऊन गेली.

आता तिने जे मागितलं ते कुणा बायकोने नवऱ्यासाठी मागितलं नसेल. रोज घरी आल्यावर ती त्याची मान उजेडात धरून बघायची आणि जळावी म्हणून वाट बघायची. पहिल्या चार शेकांना काही नाही. पाचव्याला लाली. सहाव्याला कानाखाली तपकिरी पट्टा उठला, आणि ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली. आनंदाने, हे सांगायलाही लाज वाटावी. आठव्याला कातडी सुटली. नवव्याला तोंडभर फोड. दहाव्यानंतर सुदामला थुंकी गिळता येईना, तो तांब्यात थुंकायचा, तांब्या रक्ताने लाल. दवाखान्याची दुखण्याची औषधं चालू होती, ती त्या आगीवर चूळभर पाण्यासारखी. डॉक्टर नाकातून नळी घालून अन्न देऊ म्हणाल्या. गाठ? गाठीचं शेवटचा शेक झाल्यावर कळेल, आत्ता सगळं सुजलेलं आहे, काही दिसत नाही.

रशिदाआपांची बातमी त्याच दिवशी दवाखान्यात कळली. गाठ परत उभी राहिली होती. त्यांना पुण्याला नेलं होतं. वैजयंताने ती सुदामला सांगितली नाही.

अकराव्या शेकाच्या दिवशी सुदामने घरातून निघायला नकार दिला. खुणेने नाही, तोंडाने. शब्दागणिक थांबत, प्रत्येक शब्दाला तोंड वेडंवाकडं करत. "वैजे. दोन पानं आण."

ती नाही म्हणाली.

"दोन. आजच्यापुरती. पाणी गिळू दे एक घोट."

तिने समजावलं. उरलेत फक्त पाच. मान जळतेय म्हणजे आत पोचतंय. तो ऐकत नव्हता. तो म्हणाला वर्षभर कमी जगेन, चालेल, माझा जीव आहे ना, का तोबी तुझ्या फणीखाली आहे? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जीव त्याचाच होता. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, तुम्ही ठरवू नका म्हणून. कुठल्या अधिकाराने ती नाही म्हणत होती हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ती गाडी बघायला बाहेर गेली.

परत आली तेव्हा तो कुशीवर वळला होता आणि त्याची उजवी मूठ उशीखाली होती. ती बाहेर असताना शेजारची इंदू विचारपूस करायला आली होती, पदर सावरत परत गेली होती, वाटेत वैजयंताकडे बघितलं नव्हतं. इंदू अजून सतेजमध्ये फणी मारते.

वैजयंताने उशी काढली. मुठीतून काळी पानं दिसत होती, चुरगळलेली, रस मनगटापर्यंत ओघळलेला. तोंडात अजून गेली नव्हती, तोंड उघडतच नव्हतं त्याचं. ती खाली बसली आणि एकेक बोट सोडवायला लागली. माणसाच्या अंगात ताकद उरली नव्हती, पण सगळी त्या मुठीत होती. करंगळी सुटली. मग दुसरं बोट. तो नखांनी ओरबाडत होता. तिने अंगठा मागे वाकवला, तो कळवळला, तरी तिने सोडलं नाही. पानं निघाली. तिने ती चुलीत टाकली. तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी चरचरली.

मग त्याने तोंड उघडलं. फोड फुटून रक्त हनुवटीवर आलं. आणि त्या सोललेल्या घशातून, फाटक्या पत्र्यासारखा का होईना, त्याचा आवाज निघाला.

"कैदाशिणी," तो म्हणाला. "भवाने. मला खाऊन टाक एकदाची. तुझ्या आईने तुला पाळण्यातच..." त्याने तिची आई उद्धारली, बाप उद्धारला, ती ज्या दिवशी या घराचं माप ओलांडून आत आली तो दिवस उद्धारला. ओटीवर गाडीवाला येऊन थांबला होता, तो तिथूनच परत रस्त्यावर गेला. इंदू दारात आली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली.

वैजयंताने त्याच्या हनुवटीखाली तांब्या धरला. दुसऱ्या हाताने त्याची मान मागून आधाराला घेतली, जिथे कातडी अजून शाबूत होती तिथे. तिच्या तळव्याला त्याचा प्रत्येक शब्द हादरा देत होता.

"बोला," ती म्हणाली. "थांबू नका. आणखी बोला."